व्हिडिओ फाईलची 'क्वालिटी खराब' म्हणजे नेमकं काय बिघडलं? लक्षणावरून निदान

चौकटराव (धागाकर्ता)

फॉरवर्ड होत आलेल्या, ड्राइव्हवर वाटलेल्या, कुठून कुठून उतरवलेल्या व्हिडिओंबद्दलची तक्रार एकाच वाक्यात येते: 'क्वालिटी खराब आहे.' त्यावर सल्लाही एकाच वाक्यात मिळतो: 'कन्व्हर्ट करून बघा.' फाईलचं खरं वाटोळं बहुधा या सल्ल्यानेच होतं. म्हणून हा धागा. लक्षण सांगा, बिघाड कुठे आहे ते शोधू. पुन्हा एन्कोड (चित्र नव्याने दाबून साठवणं) न करता भागत असेल तर तसंच भागवू.

ढोबळ चार घरं पाडता येतात. पहिल्यात चित्रातली माहितीच गेलेली असते: चौकोन, धुरकट कडा, आकाशात पट्टे. दुसऱ्यात माहिती शाबूत असते, पण फाईलवरची चिठ्ठी (मेटाडेटा, म्हणजे फाईल कशी दाखवायची याची नोंद) चुकलेली असते: रंग फिके, चेहरे रुंद, आवाज मागे. तिसऱ्यात फाईलच तुटकी असते. चौथ्यात फाईल ठणठणीत असून प्लेअर किंवा पडदा कमी पडत असतो. पहिल्या घरातलं नुकसान भरून येत नाही. दुसऱ्यातलं बरंचसं एकही पिक्सेल न बदलता मिनिटभरात सुधारतं. लोक मात्र दुसऱ्या घरातली फाईल कन्व्हर्टरमध्ये घालतात आणि पहिल्या घरात नेऊन बसवतात.

सुरुवात मीडियाइन्फोने करा (फाईलचा तपशील दाखवणारं मोफत साधन, 'ट्री' दृश्य निवडा). कोडेक (चित्र दाबायची नि उलगडायची पद्धत), रुंदी-उंची, बिटरेट (सेकंदाला किती बिट), फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) आणि तो 'कॉन्स्टंट' की 'व्हेरिएबल', स्कॅन टाइप, बिट डेप्थ, कलर रेंज, प्रायमरीज-ट्रान्सफर-मॅट्रिक्स ही तिकडी (रंग कसे उलगडायचे ते सांगणारी), आणि असेल तर 'रायटिंग लायब्ररी' (कुठल्या एन्कोडरने बनवली). प्रश्न विचारताना एवढं इथे उतरवा. फाईलचं नाव नको. नावात '१०८०पी' लिहायला कुणाला पैसे पडत नाहीत.

एक हिशोब आधीच मांडून ठेवतो. १९२० × १०८० आणि सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे ५.१८ कोटी पिक्सेल. ८ बिट ४:२:० मध्ये (रंगाची माहिती अर्ध्या रुंदी-उंचीला साठवायची रीत) पिक्सेलमागे सरासरी १२ बिट, म्हणजे न दाबलेला प्रवाह सेकंदाला ६२२ मेगाबिट आणि तासाचे २८० जीबी. हाच व्हिडिओ ५ मेगाबिटला बसवला की तास २.२५ जीबीत मावतो. १२४ भागांतला १ भाग उरला. कोडेक काय काय फेकून देतो, ते यावरून कळावं.

रातकिडा

पहिल्या घरापासून सुरू करतो.

एच.२६४ हा कोडेक चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि आत ४ × ४ किंवा ८ × ८ वर गणित करतो. बिट कमी पडले की बारीक तपशिलाचे आकडे शून्य होतात, तुकड्याला जवळपास एकच सपाट रंग उरतो आणि चौकोन दिसू लागतात. एच.२६५ मध्ये तुकडा ६४ × ६४ पर्यंत जातो, म्हणून तिथे चौकोनांपेक्षा मेणचट, पुसल्यासारखं चित्र जास्त दिसतं. डीब्लॉकिंग फिल्टर दोन्हींत आहे. तो शिवण झाकतो, तपशील आणून देत नाही.

तपासायला पाऊस, वाहतं पाणी, उडणारे कागदाचे कपटे, हलणारी पानं, गर्दीवरून फिरणारा कॅमेरा असली दृश्यं निवडा. मागच्या फ्रेममधला भाग उचलून पुढे ठेवायचा, हा कोडेकचा मुख्य आधार. इथे तो आधारच सुटतो. बसून बोलणाऱ्या माणसाच्या चौकटीवरून फाईलचा निकाल लावू नये, ती कुठल्याही बिटरेटला बरी दिसते.

ढोबळ अंदाजासाठी बिटरेटला (रुंदी × उंची × फ्रेमरेट) ने भागा. १०८०पी, २५ फ्रेम, ५ मेगाबिट म्हणजे पिक्सेलला ०.०९६ बिट. एच.२६४ ला ०.१ च्या आसपास निभतं. ०.०५ च्या खाली गेलं की हालचालीत चित्र फाटतं.

स्वतः एन्कोड करत असाल तर ठरावीक बिटरेटऐवजी सीआरएफ वापरा (दर्जा ठरवणारा आकडा, लहान तितका चांगला). एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरचा मूळ आकडा २३ आहे, जपायच्या फाईलला १८ ते २०. आकडा ६ ने उतरवला की आकार साधारण दुप्पट होतो. प्रीसेट (वेगाचा पर्याय) 'स्लो' ठेवा. अमुक आकारातच बसवायची असेल तर दोन फेऱ्यांचं एन्कोड करा. एकाच फेरीत पुढे काय वाढून ठेवलंय ते एन्कोडरला पुरतं दिसत नाही, मग सोप्या दृश्यांवर बिट उधळले जातात आणि अवघड जागी खिसा रिकामा.

आडवाछेद

सहमत, पण ०.१ चा आकडा सरसकट लावू नका. रिझोल्यूशन वाढलं की शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे होत जातात आणि पिक्सेलमागे कमी बिट पुरतात. एच.२६५ (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) ना त्याच दर्जाला आणखी कमी लागतात. कोडेक न बघता बिटरेटची तुलना करणं व्यर्थ आहे. सीआरएफचंही तेच: एक्स२६५ चा मूळ २८ आहे, म्हणून तो एक्स२६४ च्या २८ इतका वाईट नसतो.

दोन गोष्टी राहिल्या. ग्राफिक कार्डातले एन्कोडर (एनव्हीएन्क, क्विक सिंक) वेगवान आहेत, पण त्याच बिटरेटला सॉफ्टवेअरच्या स्लो प्रीसेटची बरोबरी साधारणपणे करत नाहीत. थेट प्रक्षेपणाला उत्तम, साठवणीला सॉफ्टवेअर बरं.

दुसरं, कण. कमी उजेडात घेतलेल्या चित्रणात प्रत्येक फ्रेमवर नवे कण पडतात. कोडेकच्या लेखी सगळा पडदाच हलत असतो, सगळे बिट भिंतीवरच्या कणांवर जातात आणि चेहरा उपाशी राहतो. एन्कोड करण्याआधी हलकं डीनॉइज करा (एचक्यूडीएन३डी, मूळ आकड्यांपेक्षा थोडं कमीच). फिल्मवरून स्कॅन केलेल्या चित्राचा दाणा मात्र घासून काढू नका. तो त्या चित्राचा पोत आहे, आणि तो गेला की चेहरे प्लॅस्टिकचे होतात.

सांजवेळ

पट्ट्यांबद्दल (बँडिंग) लिहिते, कारण यात निदान हमखास चुकतं.

मावळतीचं आकाश, धुकं, हळूहळू काळा होणारा पडदा. तिथे नकाशातल्या उंचीरेषांसारखे पट्टे उमटतात. ८ बिटमध्ये २५६ पायऱ्या असल्या तरी व्हिडिओत प्रकाशाचं मान नेहमीच्या रेंजमध्ये १६ ते २३५ असतं, म्हणजे २२० पायऱ्याच. अंधाऱ्या आकाशाच्या वाट्याला त्यातल्या २० आल्या आणि त्या १९२० पिक्सेलवर पसरल्या, तर एक पायरी ९६ पिक्सेल रुंद. दिसणारच. चांगल्या स्रोतात या पायऱ्या बारीक कणांनी (डिदर) मोडलेल्या असतात, पण कमी बिटरेटचं एन्कोड सर्वांत आधी हेच कण खातं.

१० बिटमध्ये पायऱ्या १०२४. स्रोत ८ बिटचा असला तरी १० बिटमध्ये एन्कोड केल्याने आतल्या गणितातली पूर्णांकाची चूक कमी होते आणि पट्टे घटतात. पण १० बिट एच.२६४ बहुतेक टीव्ही आणि फोनच्या हार्डवेअर डीकोडरना झेपत नाही: आवाज येतो, पडदा काळा. १० बिट हवं असेल तर एच.२६५ किंवा एव्ही१ घ्या. ८ बिट एक्स२६४ वरच राहायचं तर 'एक्यू मोड' ३ लावा, तो अंधाऱ्या भागाकडे जास्त बिट वळवतो.

हातात आलेल्या फाईलसाठी एमपीव्ही या प्लेअरमध्ये 'बी' दाबून डीबँड (पट्टे पुसणारा फिल्टर) चालू करा. मूळ फाईलला हात लागत नाही.

आणि हो, ६ बिटच्या स्वस्त पॅनेलवर निर्दोष फाईलमध्येही पट्टे दिसतात. तोच फ्रेम दुसऱ्या पडद्यावर बघितल्याशिवाय फाईलला दोष देऊ नका.

तिरपागडा

माझा प्रश्न दुसऱ्या घरातला असावा. एव्हीसी (म्हणजे एच.२६४), १९२० × १०८०, ८ बिट, कलर रेंज 'फुल', मॅट्रिक्सची ओळच नाही. एका प्लेअरमध्ये काळा रंग राखाडी, चित्रावर दुधाचा थर दिल्यासारखा. दुसऱ्यात व्यवस्थित. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवून एक्सपोर्ट करावं का?

चौकटराव

नका करू! एक्सपोर्ट केलंत की चिठ्ठीतली चूक चित्रात कोरली जाईल.

मर्यादित रेंजमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, फुल रेंजमध्ये ० आणि २५५ वर. आतला डेटा मर्यादित असून चिठ्ठीवर 'फुल' लिहिलं असेल, तर चिठ्ठी पाळणारा प्लेअर १६ ला १६ च ठेवतो. काळा राखाडी होतो, पांढरा मळका. चिठ्ठीकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्लेअरमध्ये सगळं ठीक. तुमच्याकडे हेच दिसतंय. उलट प्रकारात १६ खालचं सगळं ठार काळं आणि २३५ वरचं ठार पांढरं होतं, सावलीतले केस नि कपडे एक होऊन जातात.

खरं-खोटं करायला वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला फ्रेम घ्या आणि एफएफएमपेग या कमांड-लाइन साधनाचा 'सिग्नलस्टॅट्स' फिल्टर चालवा. तो प्रकाशमानाचा किमान आणि कमाल आकडा देतो. किमान १६ च्या आसपास तर डेटा मर्यादित, ० तर फुल.

दुरुस्तीला एफएफएमपेगमध्ये व्हिडिओ-ऑडिओ दोन्हींचा कोडेक 'कॉपी' ठेवा आणि 'एच२६४ मेटाडेटा' हा बिटस्ट्रीम फिल्टर लावा. त्यात फुल रेंजचा ध्वज ०, आणि प्रायमरीज, ट्रान्सफर, मॅट्रिक्स तिन्ही १. १ म्हणजे बीटी.७०९, एचडीचं रंगमानक. एच.२६५ साठी याच जातीचा 'एचईव्हीसी मेटाडेटा' आहे. ही नक्कल आहे, एन्कोड नाही, त्यामुळे दर्जा रतीभरही बदलत नाही.

मॅट्रिक्सची ओळ नसणं हा वेगळा दोष. ओळ नसली की बरेच प्लेअर उंचीवरून अंदाज बांधतात: एचडी असेल तर ७०९, एसडी असेल तर ६०१. म्हणूनच १०८० ची फाईल नुसती लहान करून ४८० ची केली की लाल-हिरव्या छटा किंचित सरकतात. आतलं गणित ७०९ चंच राहिलेलं असतं आणि प्लेअर ६०१ समजून उलगडतो. लहान करतानाच रंगाचं रूपांतर करा, नाहीतर निदान चिठ्ठी तरी चिकटवा. जुन्या एसडी चित्रणासाठी मॅट्रिक्सचा आकडा पालला (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) ५ आणि एनटीएससीला (अमेरिका-जपानची) ६.

तिरपागडा

किमान आकडा १६ आला. चिठ्ठी बदलली, दोन्ही प्लेअर आता एकसारखे दाखवतात. आभार.

सांजवेळ

याच्या शेजारचंच दुसरं दुखणं म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेलं चित्र). मीडियाइन्फोत प्रायमरीज 'बीटी.२०२०' आणि ट्रान्सफर 'पीक्यू' किंवा 'एचएलजी' दिसत असेल तर चित्र फिकं, राखाडी दिसणं हा फाईलचा दोष नाही. प्लेअर टोनमॅपिंग (तो पल्ला साध्या पडद्याला झेपेल इतका आवळणं) करत नाहीये. एमपीव्ही ते आपणहून करतो.

एसडीआर (साध्या पल्ल्याची) प्रत काढायचीच असेल तर क्रम असा: 'झेडस्केल'ने रेषीय प्रकाशात न्या, 'टोनमॅप' (हेबल किंवा मोबियस) लावा, पुन्हा 'झेडस्केल'ने ७०९ वर आणा, शेवटी ८ बिट. नुसतं १० चं ८ बिट केलंत आणि चिठ्ठी ७०९ ची लावलीत तर तो फिकेपणा कायमचा होतो. असल्या फाईली भरपूर फिरतात आणि सगळे कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

त्वचा जांभळी आणि बाकी सगळं हिरवं दिसलं तर ती बहुधा डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) प्रोफाइल ५ ची फाईल. तिची रंगरचनाच वेगळी आहे आणि साध्या प्लेअरसाठी पर्यायी थर तिच्यात नसतो. नव्या एमपीव्हीत नीट दिसते. आयफोन १२ पासूनच्या फोनवरचं चित्रण मात्र प्रोफाइल ८.४, म्हणजे खाली एचएलजी. ते निदान फिकं तरी दिसतं, हिरवं होत नाही. वाटण्यासाठीच चित्रण करायचं असेल तर एचडीआर आधीच बंद ठेवणं सगळ्यात सोपं.

आडवाछेद

आता इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेलं चित्रण. याच्याइतकं चुकीच्या उपचारांनी मेलेलं दुसरं काही नसेल.

हलणाऱ्या कडांना आडवे, कंगव्यासारखे दात दिसतात. पाल प्रसारणात सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड. एका फील्डमध्ये सम ओळी, दुसऱ्यात विषम, प्रत्येकी २८८, आणि दोन्ही सेकंदाच्या ५०व्या भागाने वेगळ्या क्षणी टिपलेल्या. संगणक त्या एकत्र दाखवतो, म्हणून दात. एनटीएससीत फील्ड ५९.९४.

नुसतं बघायचं तर व्हीएलसीत 'डी' दाबा. कायमचं करायचं तर 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर, मोड 'सेंड फील्ड'. ५० फील्डच्या ५० फ्रेम होतात. बरेच कन्व्हर्टर २५ च ठेवतात. म्हणजे हालचालीचे अर्धे क्षण फेकले, आणि खेळ किंवा नाच धक्के खात चालतो.

डीइंटरलेस करण्याआधी उंची बदलणं ही अक्षम्य चूक. ५७६ ओळींच्या ७२० केल्या की सम-विषम ओळी एकमेकींत कालवल्या जातात आणि फील्ड परत वेगळी काढता येत नाहीत. ओळखायची खूण: दात एक ओळ जाडीचे, धारदार न राहता जाड, अस्पष्ट, लाटांसारखे होतात. अशा फाईलवर वेळ घालवू नका, मूळ प्रत शोधा.

फील्डचा क्रम उलटा पडला तर हालचाल दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरते. डीव्ही टेपवरून आलेल्यात खालचं फील्ड आधी, एचडीत वरचं. क्रम फिल्टरमध्ये हाताने देता येतो. दहा सेकंदांचा तुकडा दोन्ही प्रकारे काढून बघा, शंका उरत नाही.

'स्कॅन टाइप'च्या ओळीवर आंधळा विश्वास नको. 'आयडेट' फिल्टर काही हजार फ्रेमवर चालवा, तो इंटरलेस आणि प्रोग्रेसिव्ह (सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपलेल्या) फ्रेम मोजून देतो. चिठ्ठी इंटरलेसची आणि चित्र प्रोग्रेसिव्ह असं पुष्कळदा असतं. तिथे डीइंटरलेस केल्याने विनाकारण उभा तपशील जातो.

थांबवून फ्रेम फ्रेम पुढे सरकवा. तीन स्वच्छ, दोन दातेरी, पुन्हा तीन स्वच्छ, दोन दातेरी असा पाढा दिसला तर तो टेलिसिने, म्हणजे २४ फ्रेमची फिल्म २९.९७ मध्ये ताणून बसवलेली. इथे डीइंटरलेस नाही, 'फील्डमॅच' आणि 'डेसिमेट' लावून २३.९७६ वर परत यायचं. तसं न करता दात घासले तर दर पाच फ्रेममध्ये एक जुळी राहते आणि कॅमेरा संथ फिरताना अडखळतो. हा अडखळा दिसला की लोक नेटच्या वेगाला दोष देतात.

घडीमोड

+१. उंची बदलण्याबद्दलचं वाक्य धाग्याच्या माथ्यावर लावा.

तालमणी

आवाज पुढे-मागे असेल तर एकच प्रश्न आधी विचारा: अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच आहे, वाढत जातंय, की उड्या मारतंय? तिन्हींची कारणं वेगळी.

तेवढंच असेल तर सोपं. व्हीएलसीत 'जे' आणि 'के' ने ५०-५० मिलिसेकंद सरकवून आकडा शोधा, मग एमकेव्हीटूलनिक्समध्ये (ट्रॅक जोडायचं-सोडायचं साधन) ऑडिओ ट्रॅकच्या 'डिले'त तो भरून नवी एमकेव्ही काढा. एन्कोड नाही.

वाढत जात असेल तर फ्रेमरेटचा घोळ. २४ आणि २३.९७६ मधला फरक हजारात एक, म्हणजे तासाला ३.६ सेकंद. २५ आणि २३.९७६ मधला फरक मोठा: तासाचं चित्र ५७ मिनिटं ३२ सेकंदांत संपतं. पालच्या वेगाने चाललेलं चित्र आणि मूळ वेगाचा ऑडिओ अशी सांगड असेल तर तिथल्याच 'स्ट्रेच बाय'मध्ये २५०२५/२४००० द्या, पण व्हिडिओ ट्रॅकला (आणि सबटायटलला). ऑडिओ ट्रॅकला हा ताण लावू नये: त्यात फक्त वेळेच्या खुणा सरकतात, नमुने तेच राहतात, आणि प्लेअर अडखळतात. ऑडिओच वेगवान झालेला असेल तर तो पुन्हा एन्कोड करण्याला पर्याय नाही. तेव्हा स्वरही सुमारे ०.७ श्रुतीने चढलेला असतो.

उड्या मारत असेल तर फोनचं 'व्हेरिएबल' फ्रेमरेट किंवा गळालेल्या फ्रेम. उजेड कमी झाला की फोन फ्रेमरेट उतरवतो आणि एडिटिंग सॉफ्टवेअर ३० धरून चालतं. संपादनाआधी एफएफएमपेगच्या 'एफपीएस मोड'ला 'सीएफआर' देऊन ठरावीक फ्रेमरेटची प्रत काढा, सीआरएफ १६-१७ ठेवा. ही प्रत कामापुरती असते, काम झालं की टाकून द्यायची.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत कानठळ्या बसवणारं, हे ५.१ चं (सहा चॅनेलच्या आवाजाचं) स्टीरिओ करताना होतं. संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलवर असतात. प्लेअरमध्ये त्या चॅनेलची पातळी वाढवा.

आडवाछेद

तालमणी, किंचित दुरुस्ती: ०.७ श्रुती नव्हे, ०.७ अर्धस्वर. बाकी सगळं चोख.

तालमणी

बरोबर, अर्धस्वरच. लिहिण्याच्या ओघात चुकलं.

रातकिडा

तिसरं घर, तुटक्या फाईली.

अधूनमधून करडा चिखल पसरतो, त्यात मागच्या दृश्याची भुतं तरंगतात, आणि काही सेकंदांनी चित्र एकदम स्वच्छ होतं. हे बिटरेटचं काम नाही, मधला डेटा गहाळ आहे. फ्रेम आधीच्या फ्रेमवर टेकून असतात. एक गेली की पुढची की-फ्रेम (कुणावर न टेकता स्वतःच पूर्ण असलेली) येईपर्यंत सगळ्या चुकतात. एक्स२६४ मध्ये दोन की-फ्रेममधलं मूळ कमाल अंतर २५० फ्रेम, म्हणजे २५ च्या वेगाने चिखल १० सेकंदांपर्यंत टिकू शकतो.

तपासायला एफएफएमपेगला लॉग पातळी 'एरर' द्या आणि आउटपुट 'नल'. फाईल लिहिली जात नाही, फक्त पूर्ण उलगडून चुका छापल्या जातात. काहीच छापलं नाही तर प्रवाह बहुतेक धड आहे. चुका दिसल्या तर पाठवणाऱ्याकडून एसएचए-२५६ (फाईलच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) घ्या आणि ताडा. जुळला नाही तर पुन्हा उतरवा, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. जुळला तर त्याच्याकडेच तुटकी आहे.

'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' असा संदेश आला तर एमपी४ ची अनुक्रमणिका गायब आहे. ती नेहमीच्या एमपी४ मध्ये चित्रण संपताना लिहिली जाते. मध्येच बॅटरी गेली की डेटा असतो आणि पत्ता नसतो. 'अनट्रंक' हे साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक चांगली फाईल नमुना म्हणून घेतं आणि अनुक्रमणिका नव्याने बांधतं. नमुना दुसऱ्या सेटिंगवरचा असेल तर हाती काही लागत नाही. अर्धवट उतरलेल्या फाईलमध्येही हाच संदेश येतो, तिथे फक्त पुन्हा उतरवा.

पडद्याचं रेकॉर्डिंग ओबीएसमध्ये एमकेव्हीत करा आणि नंतर तिथूनच एमपी४ मध्ये रीमक्स करा (एन्कोड न करता फक्त डबा बदलणं). वीज गेली तरी तोवरचं वाचतं.

घडीमोड

रीमक्सवरून आठवलं: फाईलचं टोक '.एमकेव्ही'वरून '.एमपी४' असं हाताने बदलणं म्हणजे रूपांतर नव्हे, डब्यावरचं लेबल बदललं इतकंच. काही प्लेअर आत डोकावून चालवतात, टीव्ही नाकारतो.

तिरपागडा

४८० च्या जुन्या फाईली एआयने ४के करून मिळतात, त्या घ्याव्यात का? आणि नावाला १०८० असलेली फाईल खरी १०८० आहे हे कसं ओळखायचं?

आडवाछेद

दुसऱ्याचं उत्तर आधी. एक स्पष्ट, स्थिर फ्रेम पीएनजीत काढा. तो ४८० उंचीला लहान करा, पुन्हा १०८० ला मोठा करा आणि मूळ फ्रेमशी एकावर एक ठेवून अदलाबदल करत बघा. काहीच फरक दिसला नाही तर त्या १०८० मध्ये ४८० इतकाच तपशील आहे. केस, कापडाची वीण, दूरची अक्षरं इथे बघा. कडांभोवती पांढरी किनार दिसली तर वर शार्पनही मारलंय. ऑडिओलाही अशीच परीक्षा: स्पेक्ट्रम बघा. ३२० केबीपीएस लिहिलंय आणि १६ किलोहर्ट्झच्या वर सपाट अंधार, तर तो बहुधा १२८ च्या एमपी३ वरून फुगवलेला आहे.

एआय तपशील परत आणत नाही, शक्य वाटेल असा नवा रचतो. झाडं, भिंती, कापड खपून जातं. लहान चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरं मात्र भलतीच होतात, आणि एका फ्रेममधून दुसऱ्यात बदलतात. करमणुकीला चालेल, दस्तऐवज म्हणून नाही. स्वतः करायचं असेल तर आधी डीइंटरलेस, मग डीनॉइज, मग मोठं करणं. आणि मूळ फाईल पुसू नका.

चौकटराव

वाटपाच्या वाटेवरच्या नुकसानीबद्दल.

मेसेजिंग ॲपमध्ये गॅलरीतून व्हिडिओ जोडला की तो दाबला जातो, रिझोल्यूशनही उतरतं. तोच 'डॉक्युमेंट' किंवा 'फाईल' म्हणून जोडला की जसाच्या तसा जातो. व्हॉट्सॲपवर त्याची मर्यादा २ जीबी आहे. व्हिडिओ म्हणून आलेली फाईल साठवून पुन्हा व्हिडिओ म्हणून पाठवली की दुसऱ्यांदा दाबली जाते. चार हातांतून गेली की चेहऱ्याचे डोळे-नाक विरघळतात. प्रत्येक पिढीत कोडेक मागच्या कोडेकने केलेले चौकोनही प्रामाणिकपणे जपायला बघतो आणि बिट त्यावर घालवतो, हे त्यातलं वाईट.

यूट्यूबवर काहीही चढवलं तरी तिथे पुन्हा एन्कोड होतंच, म्हणून चढवायची प्रत गरजेपेक्षा भरभक्कम ठेवा. त्यांची शिफारस एसडीआरसाठी अशी: १०८० ला २४-३० फ्रेमवर ८ मेगाबिट, ४८-६० वर १२, ४के ला २४-३० वर ३५ ते ४५. ऑडिओ स्टीरिओ ३८४ केबीपीएस. हे किमान समजा. फ्रेमरेट चित्रणाचाच ठेवा, २५ चं ३० केल्याने फक्त जुळ्या फ्रेम वाढतात.

आपल्याच सर्व्हरवर ठेवत असाल आणि पूर्ण उतरल्याशिवाय चालत नसेल तर अनुक्रमणिका फाईलच्या शेपटाला आहे. एफएफएमपेगच्या 'मूव्हफ्लॅग्ज'मध्ये 'फास्टस्टार्ट' देऊन, कोडेक 'कॉपी' ठेवून नवी प्रत काढा.

लाल अक्षरं काळ्या पार्श्वभूमीवर नेहमीच भुरकट दिसतात, त्याचं कारण ४:२:०. १९२० × १०८० मध्ये रंगाची माहिती ९६० × ५४० च असते. शीर्षकं पांढरी ठेवा, बिटरेट वाढवून हे जात नाही.

सांजवेळ

चेहरे रुंद किंवा लांबट दिसण्यावर कुणी लिहिलं नाही. ७२० × ५७६ च्या फाईलमधले पिक्सेल चौरस नसतात. ४:३ साठी ती ७६८ × ५७६ सारखी आणि १६:९ साठी १०२४ × ५७६ सारखी दिसायला हवी. एमकेव्हीटूलनिक्समध्ये व्हिडिओ ट्रॅकला 'आस्पेक्ट रेशो' देऊन रीमक्स करा. हेही चिठ्ठीचंच काम.

घडीमोड

शेवटची शंका. एन्कोड न करता तुकडा कापला की सुरुवातीला दोन-तीन सेकंद पडदा गोठतो आणि आवाज पुढे जातो. यावर काही?

रातकिडा

कापण्याची जागा दोन की-फ्रेमच्या मध्ये पडली. पहिली की-फ्रेम मिळेपर्यंत दाखवायला चित्रच नसतं. लॉसलेसकट या कापायच्या साधनात मागच्या-पुढच्या की-फ्रेमवर उडी मारायची बटणं आहेत. हव्या जागेच्या आधीच्या की-फ्रेमवर कापा आणि दोन सेकंद जास्तीचे येऊ द्या. अचूक फ्रेमवरच कापायचं असेल तर तेवढा तुकडा एन्कोड करावा लागेल, सीआरएफ १८, आणि मूळ फाईलवरून, आधी कापलेल्या तुकड्यावरून नाही.